सर्टिफिकेट परत मिळतं, प्रायव्हेट की नाही: आयआयएस सर्व्हरसाठी अर्जापासून बॅकअपपर्यंत

मागच्या पावसाळ्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यातून फोन आला. सर्व्हरची डिस्क गेली होती, नवं मशीन उभं केलं होतं, डीलर लोकांचं ऑर्डर पोर्टल त्यावर टाकलं होतं, फक्त ब्राउझरमध्ये साइट सुरक्षित असल्याचं कुलपाचं चिन्ह येत नव्हतं, कारण त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट नव्या मशीनवर नव्हतं. "सर्टिफिकेट आहे आमच्याकडे, मेलमध्येच आहे, तेवढं टाकून द्या," असं म्हणाले. मेलमधली झिप उघडली. आत एक सीआरटी फाइल, एक पी७बी फाइल, बस्स. दोन्हींत नुसतं सर्टिफिकेट होतं. त्याची गुप्त किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, जुन्या डिस्कवर होती आणि डिस्क मेली होती. ती झिप आता काही कामाची नव्हती. सर्टिफिकेट नव्याने काढून घ्यायचं तर डोमेनची पडताळणी, म्हणजे डोमेन आपलंच आहे हे सिद्ध करणं, लागणार, आणि डोमेनचं लॉगिन होतं चार वर्षांपूर्वी वेबसाइट बनवून दिलेल्या माणसाकडे. त्याला शोधण्यात दोन दिवस गेले. तोवर डीलर ऑर्डरी फोनवर सांगत होते.

हा प्रकार ठाण्यात, महाप्यात, रबाळ्यात मी इतक्या वेळा पाहिला आहे की क्रम एकदा नीट लिहून ठेवतो. हे विंडोज सर्व्हर आणि त्यावर वेबसाइट चालवणाऱ्या आयआयएस या प्रोग्रामसाठी आहे, कारण आपल्याकडच्या लहान कंपन्यांमध्ये टॅली, ईआरपी आणि पोर्टल बहुतेक त्याच मशीनवर असतात.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सर्टिफिकेटसाठीचा अर्ज (सीएसआर) तयार करताना तुमच्या सर्व्हरवर दोन किल्ल्यांची जोडी जन्माला येते. पब्लिक की अर्जात जाते. प्रायव्हेट की त्याच मशीनवर राहते, बाहेर जात नाही. सर्टिफिकेट देणारी कंपनी पब्लिक की वर सही करून परत पाठवते, तेच सर्टिफिकेट. म्हणजे मेलने येतो तो अर्धाच भाग. उरलेला अर्धा कंपनीकडेही नसतो, त्यांना फोन करून मिळत नाही. पुढचे सगळे टप्पे या एका कारणामुळे आहेत.

## टप्पा १: अर्जाला हात लावण्याआधी

निम्मं काम इथेच आहे आणि घाई इथेच होते.

डोमेनचं लॉगिन. डोमेन ज्या पॅनेलमधून चालतं त्याचं लॉगिन आणि पासवर्ड तुमच्या हातात आहे का, आत्ता उघडून पाहा. "आमच्या वेबसाइटवाल्याकडे आहे" हे उत्तर चालणार नाही. डीएनएस, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं याच्या नोंदी, वेगळ्या ठिकाणाहून चालत असेल तर तेही लॉगिन हवं.

नावं. कोणकोणत्या नावांना सर्टिफिकेट हवं ते कागदावर लिहा. एक्झाम्पल डॉट कॉम आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं एक्झाम्पल डॉट कॉम ही ब्राउझरच्या दृष्टीने दोन नावं आहेत. पोर्टल, मेल, ईआरपी अशी उपडोमेनं असतील तर तीही लिहा. वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या उपडोमेनांना मिळून एकच सर्टिफिकेट, घेणार असाल तर लक्षात ठेवा, ते एकाच पातळीला लागू होतं. 'पोर्टल'च्या पुढे 'टेस्ट' असं आणखी एक नाव जोडलं तर ते त्यात बसत नाही.

तुमच्या कंपनीचं नाव आणि पत्ता. फक्त डोमेन तपासणारं साधं सर्टिफिकेट घेत असाल तर हा भाग सोडा. संस्थेची पडताळणी असलेलं घेत असाल तर नाव नोंदणीच्या कागदावर आहे अगदी तसंच हवं. पाटीवरचं नको, लेटरहेडवरचं छोटं रूपही नको. पत्त्यात आपल्याकडे हमखास घोळ होतो. महापे, रबाळे, तुर्भे जिल्ह्याने ठाण्यात, शहर म्हणून नवी मुंबई, आणि व्हिजिटिंग कार्डावर मात्र नुसतं 'मुंबई'. नोंदणीच्या कागदावर जे शहर आहे तेच लिहा.

या प्रकारात कंपनीच्या सार्वजनिक नोंदीत असलेल्या नंबरवर खात्रीचा फोन येतो. तो रिसेप्शनवर जातो, रिसेप्शनवरच्या ताईंना वाटतं क्रेडिट कार्डवाले आहेत, आणि त्या फोन ठेवून देतात. पडताळणी तिथेच अडकते. त्यांना आधी सांगून ठेवा: असा फोन येईल, अमुक माणसाला जोडून द्या.

मेलबॉक्स. मेलने पडताळणी करायची तर पत्ता सहसा ठरलेल्या पाचांपैकीच लागतो: अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, वेबमास्टर, होस्टमास्टर किंवा पोस्टमास्टर. आपल्या कंपन्यांत 'इन्फो' आणि 'अकाउंट्स' असतात, हे पाच नसतात. एक आजच तयार करा. डोमेनच्या हूइज नोंदीतला (डोमेन कोणाच्या नावावर आहे त्या सार्वजनिक नोंदीतला) मेल पत्ता पूर्वी चालायचा, पण जुलै २०२५ पासून तो मार्ग बंद झाला आहे.

> तपासा: अर्ज त्याच सर्व्हरवर करणार आहात ना, जिथे साइट चालते? स्वतःच्या लॅपटॉपवर अर्ज करून सर्टिफिकेट सर्व्हरवर टाकायला गेलात तर जोडी जुळत नाही. सर्व्हर महिनाभरात बदलायचा असेल तर आधी बदला, मग अर्ज करा.

## टप्पा २: अर्ज तयार करणे

आयआयएस मॅनेजर उघडा. डावीकडे सर्व्हरच्या नावावर क्लिक करा. साइटच्या नावावर केलंत तर हवं ते चिन्ह दिसणारच नाही. मधल्या भागात 'सर्व्हर सर्टिफिकेट्स' उघडा आणि उजवीकडे 'क्रिएट सर्टिफिकेट रिक्वेस्ट' निवडा.

पहिल्या पानावर सहा रकाने येतात.

१. 'कॉमन नेम': मुख्य डोमेन. पुढे एचटीटीपीएस नाही, मागे तिरकी रेघ नाही, नुसतं नाव.
२. 'ऑर्गनायझेशन': नोंदणीतलं पूर्ण नाव.
३. 'ऑर्गनायझेशनल युनिट': 'आयटी' लिहा. सप्टेंबर २०२२ पासून सार्वजनिक सर्टिफिकेटात हा रकाना छापतच नाहीत, पण रिकामा सोडला तर आयआयएस पुढे जाऊ देत नाही.
४. 'सिटी': ठाणे किंवा नवी मुंबई, इंग्रजीत, पूर्ण.
५. 'स्टेट': महाराष्ट्र, पूर्ण. दोन अक्षरी संक्षेप नको.
६. 'कंट्री': भारताचा दोन अक्षरी कोड.

दुसऱ्या पानावर 'मायक्रोसॉफ्ट आरएसए एसचॅनेल' तसंच राहू द्या. खालची 'बिट लेंग्थ' मात्र बदलायचीच. तिथे आधीपासून १०२४ निवडलेलं असतं, आणि १०२४ सर्टिफिकेट देणारी कुठलीही कंपनी स्वीकारत नाही. २०४८ निवडा. ४०९६ घेतलंत म्हणून काही बिघडत नाही, पण साध्या पोर्टलला २०४८ पुरतं.

तिसऱ्या पानावर फाइल कुठे ठेवायची ते विचारतं. नावात तारीख घाला. 'सीएसआर न्यू', 'सीएसआर फायनल', 'सीएसआर फायनल २' अशी नावं ठेवणाऱ्यांची पुढे फसगत होते.

> सावध: एखादा रकाना चुकला म्हणून अर्ज पुन्हा केलात तर नवी जोडी तयार होते, जुनीही तशीच राहते. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीला जो अर्ज पाठवाल त्याच जोडीला सर्टिफिकेट बसेल. दोन-तीन अर्ज झाले असतील तर कोणता पाठवला ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवा.

फाइल नोटपॅडमध्येच उघडा. वर्डमध्ये उघडलीत तर तो आडव्या रेघा बदलून टाकतो. सुरुवातीची आणि शेवटची, 'बिगिन' आणि 'एंड' असलेली, दोन्ही ओळी रेघांसकट कॉपी करा. आयआयएसच्या अर्जात फक्त मुख्य नाव असतं. बाकीची नावं सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीच्या पानावर ऑर्डर भरताना वेगळी द्यावी लागतात. टप्पा १ मधला कागद इथे कामाला येतो. नुसत्या 'कॉमन नेम'वर विसंबू नका. क्रोमने २०१७ पासून तो रकाना पाहणं सोडलं आहे, तो सर्टिफिकेटातली पर्यायी नावांची यादीच पाहतो.

## टप्पा ३: सर्टिफिकेट यायच्या आधीचा बॅकअप

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. अर्ज पाठवल्यापासून सर्टिफिकेट येईपर्यंत एखादा तास जातो, नाहीतर संस्थेच्या पडताळणीत आठवडा. तेवढा वेळ प्रायव्हेट की त्या एकाच मशीनवर, एकाच ठिकाणी असते. मध्येच सर्व्हर फॉरमॅट झाला, किंवा कोणी 'साफसफाई' केली, की अर्ज वाया.

'रन'मध्ये सर्टएलएम डॉट एमएससी लिहा. सर्टएमजीआर नाही. ते तुमच्या लॉगिनचं सर्टिफिकेटांचं कपाट (स्टोअर) उघडतं, सर्व्हरचं नाही, आणि माणूस तिथे अर्धा तास शोधत बसतो. सर्टएलएममध्ये 'सर्टिफिकेट एनरोलमेंट रिक्वेस्ट्स' उघडा, त्याखाली 'सर्टिफिकेट्स'. तुमच्या डोमेनच्या नावाची नोंद दिसेल. चिन्हाच्या कोपऱ्यात बारीकशी पिवळी किल्ली असते. नजर तिथे जायला हवी. ती किल्ली दिसते आहे तोवर सगळं ठीक आहे.

त्या नोंदीवर राइट क्लिक, 'ऑल टास्क्स', 'एक्सपोर्ट', 'येस, एक्सपोर्ट द प्रायव्हेट की', पासवर्ड. जी पीएफएक्स फाइल मिळेल (तिच्यात प्रायव्हेट कीही असते, पासवर्डने बंद) ती सर्व्हरबाहेर ठेवा.

> सावध: ही नोंद 'जुनं काहीतरी पडलं आहे' म्हणून पुसू नका. ती पुसली की आलेलं सर्टिफिकेट बसत नाही.

## टप्पा ४: डोमेनची पडताळणी

तीन मार्ग आहेत: मेल, डीएनएसची नोंद, किंवा साइटवर ठेवलेली फाइल. माझा कल डीएनएसकडे. मेल स्पॅममध्ये जातो. फाइलच्या मार्गात साइट बाहेरून उघडावी लागते, आणि वाइल्डकार्डला तर फाइल चालतच नाही.

डीएनएसमध्ये एकच चूक वारंवार होते. नोंदीच्या 'होस्ट' रकान्यात पूर्ण डोमेन लिहिलं जातं, आणि बरीच पॅनेलं मागे डोमेन स्वतःच जोडतात. मग नोंद 'एक्झाम्पल डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट कॉम' अशी होते आणि पडताळणी दोन दिवस लटकते. नोंद सेव्ह केल्यावर एनएसलुकअप या आज्ञेने बाहेरून एकदा विचारून पाहा.

दुसरं, डीएनएसमध्ये सीएए नावाची नोंद आहे का पाहा. कुठल्या कंपनीने तुमच्या डोमेनला सर्टिफिकेट द्यायचं, हे ती नोंद ठरवते, आणि सप्टेंबर २०१७ पासून प्रत्येक कंपनीला ती पाहणं बंधनकारक आहे. नोंदच नसेल तर काही करायचं नाही. असेल आणि त्यात नव्या कंपनीचं नाव नसेल, तर अर्ज नाकारला जाईल.

## टप्पा ५: सर्टिफिकेट बसवणे

झिप आली की त्याच सर्व्हरवर आयआयएस मॅनेजरमध्ये 'सर्व्हर सर्टिफिकेट्स' आणि 'कम्प्लीट सर्टिफिकेट रिक्वेस्ट'. फाइल निवडा. 'फ्रेंडली नेम'मध्ये डोमेन आणि संपण्याची तारीख लिहा, पुढच्या नूतनीकरणात दोन सारखी नावं समोर येतील तेव्हा उपयोग होईल. साठवणीची जागा 'पर्सनल'.

आता यादी एफ५ दाबून ताजी करा. सर्टिफिकेट टिकून राहिलं तर बसलं. गायब झालं तर त्याला प्रायव्हेट की सापडलेली नाही.

गायब झालं तर घाबरून नवा अर्ज करू नका. आधी सर्टएलएममध्ये 'पर्सनल'खाली पाहा. सर्टिफिकेट आहे पण किल्ली नाही, आणि अर्ज याच मशीनवर केला होता, असं असेल तर बहुतेक वेळा फक्त दुवा तुटलेला असतो. सर्टिफिकेट उघडून 'डिटेल्स'मधला सीरियल नंबर घ्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि सर्टयूटिल या आज्ञेला 'रिपेअरस्टोअर' पर्याय, कपाटाचं नाव 'माय' आणि तो सीरियल नंबर द्या. मशीनवर किल्ली असेल तर जोडली जाते. नसेल तर टप्पा ३ चा बॅकअप दुसऱ्या मशीनवरून इथे आणा आणि हीच आज्ञा पुन्हा चालवा. तोही नसेल तर मात्र सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीकडून पुन्हा जारी करून घ्यायचं. मुदत शिल्लक असेल तर बहुतेक कंपन्या त्याचे पैसे घेत नाहीत.

झिपमधली मधल्या दर्जाची सर्टिफिकेटं, म्हणजे तुमच्या सर्टिफिकेटला देणाऱ्या कंपनीच्या मूळ सर्टिफिकेटशी जोडणारी साखळी, विसरू नका. ती 'इंटरमीडिएट सर्टिफिकेशन अथॉरिटीज'मध्ये जातात. त्यांच्याशिवाय ऑफिसच्या संगणकावर साइट ठीक दिसते, कारण त्याने ती आधीच कुठून तरी साठवलेली असतात, आणि ग्राहकाच्या फोनवर लाल इशारा येतो.

## टप्पा ६: साइटला जोडणे

साइटवर क्लिक, 'बाइंडिंग्ज', एचटीटीपीएस, पोर्ट ४४३, होस्टचं नाव, आणि नवं सर्टिफिकेट. एकाच आयपीवर दोन साइट असतील तर 'रिक्वायर सर्व्हर नेम इंडिकेशन' टिक करा. नाहीतर एका साइटचं सर्टिफिकेट बदलताना दुसरीचंही बदलतं. 'दुसरी साइट हेच बाइंडिंग वापरते आहे' असा इशारा आला तर 'येस' दाबायच्या आधी थांबा आणि वाचा.

नूतनीकरणात हा टप्पा हमखास राहून जातो. नवं सर्टिफिकेट यादीत बसलेलं असतं, साइट मात्र जुन्यावरच चालू असते, आणि संपण्याच्या दिवशी सकाळी दहाला फोन येतो.

> तपासा: फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा. ऑफिसच्या नेटवर्कमधली तपासणी पुरेशी नाही. पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर (कुलूप, किंवा त्याच्या जागी आलेलं चिन्ह) जाऊन संपण्याची तारीख नवी आहे का पाहा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्ही उघडा. मग एसएसएल लॅब्जच्या ऑनलाइन चाचणीत साखळी पूर्ण दिसते का ते पाहा.

## टप्पा ७: खरा बॅकअप

साइट चालू झाली की लोक उठतात आणि चहाला जातात. दहा मिनिटं अजून बसा.

सर्टएलएम, 'पर्सनल', 'सर्टिफिकेट्स'. सर्टिफिकेट डबल क्लिक करून उघडा. खाली प्रायव्हेट की आहे असं सांगणारी ओळ किल्लीच्या चिन्हासह दिसली पाहिजे. मग राइट क्लिक, 'ऑल टास्क्स', 'एक्सपोर्ट'.

१. 'येस, एक्सपोर्ट द प्रायव्हेट की' निवडा. आधीपासून 'नो' निवडलेलं असतं. नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलात तर हाती किल्लीशिवायची नुसती सीईआर फाइल येते, आणि लोक तीच वर्षभर 'बॅकअप' म्हणून सांभाळतात.
२. 'इन्क्लूड ऑल सर्टिफिकेट्स इन द सर्टिफिकेशन पाथ' वर टिक हवी, म्हणजे साखळी सोबत येते.
३. 'डिलीट द प्रायव्हेट की इफ द एक्सपोर्ट इज सक्सेसफुल' वर टिक नको. दोन्ही ओळी वरखाली आहेत, हात सरकतो. टिक झाली तर चालू सर्व्हरची किल्ली जाते.
४. पासवर्ड द्या. लांब, आणि कंपनीच्या नावापुढे १२३ लावलेला नव्हे.
५. नव्या विंडोजवर एन्क्रिप्शनची निवड विचारतात. फाइल परत टाकायची वेळ सर्व्हर २०१६ किंवा त्याहून जुन्या मशीनवर येऊ शकत असेल तर 'ट्रिपलडीईएस' घ्या. 'एईएस२५६'वाली फाइल त्या मशीनवर पासवर्ड बरोबर असूनही 'पासवर्ड चुकीचा' असं सांगते. सगळी मशीनं नवी असतील तर एईएसच घ्या.

प्रायव्हेट कीचा पर्याय फिका, निवडता न येणारा दिसत असेल, तर एकतर किल्ली इथे नाही किंवा ती आणताना एक्सपोर्टची परवानगी दिली नव्हती. आयआयएसच्या अर्जातून जन्मलेल्या किल्लीला ही अडचण येत नाही. पीएफएक्स दुसऱ्या मशीनवर कायमची नेताना 'मार्क धिस की अ‍ॅज एक्सपोर्टेबल' टिक केलं नाही, की तिथून पुढे हा रस्ता बंद होतो.

आता फाइल ठेवायची कुठे. दोन प्रती, दोन ठिकाणी, त्यातली एक ऑफिसबाहेर. एक मालकाच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर, दुसरी कंपनीच्या नावावरच्या क्लाउड खात्यात. पासवर्ड तिसऱ्या ठिकाणी, पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा बंद पाकिटात. तळमजल्यावरच्या गाळ्यात सर्व्हर असेल तर पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. ठाण्यात पाणी कुठवर चढतं ते आपल्याला माहीत आहे.

> सावध: पीएफएक्स फाइल आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. मी हे पाहिलं आहे, एकाखाली एक, दोन मेसेज. ग्रुपमधून माणूस नोकरी सोडून जातो, फाइल त्याच्या फोनमध्ये राहते. असं झालं असेल तर ती किल्ली उघडी पडली असं समजा: नवा अर्ज, नवी जोडी, आणि जुनं सर्टिफिकेट ते देणाऱ्या कंपनीला सांगून रद्द. किल्ली उघडी पडल्याचं पुराव्यासह कळवलं की कंपनीला २४ तासांच्या आत ते रद्द करावं लागतं, म्हणून आधी नवं बसवा, मग कळवा. साइटच्या फोल्डरमध्येही ही फाइल कधी ठेवू नका.

## टप्पा ८: बॅकअप उघडून पाहणे

दुसरं कुठलंही विंडोज मशीन घ्या. पेनड्राइव्हवरची प्रत, पाकिटातला पासवर्ड, आठवणीतला नाही. सर्टएलएममधून 'इम्पोर्ट' करा, एक्सपोर्टची टिक न लावता. किल्लीचं चिन्ह दिसलं, साखळी पूर्ण दिसली, 'डिटेल्स'मधला थंबप्रिंट (सर्टिफिकेटची ओळख सांगणारा लांब कोड) सर्व्हरवरच्याशी अक्षर न् अक्षर जुळला, की बॅकअप खरा. मग त्या मशीनवरून ते पुसून टाका.

त्या कारखान्यात आम्ही हे मालकांना समोर बसवून केलं. पाकीट त्यांनीच फोडलं, पासवर्ड त्यांनीच वाचला. पहिल्या खेपेला चुकला, कारण लिहिताना शून्य आणि ओ सारखेच दिसत होते. पाकिटातला कागद तिथेच बदलला.

## टप्पा ९: पुढची तारीख

सर्टिफिकेटांची मुदत कमी होत चालली आहे. सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. तीन वर्षांचं पॅकेज घेतलंत तरी सर्टिफिकेट मधे मधे नव्याने काढून बसवावं लागेल. म्हणून साध्या डोमेन-पडताळणीवर भागत असेल तर आत्ताच लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) आणि विन-एसीएमईसारखं आपोआप नूतनीकरण करणारं साधन लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दर दीड महिन्याला हे नऊ टप्पे हाताने कोणी करणार नाही.

तोवर हाताने करणाऱ्यांनी संपण्याच्या ३० दिवस आधीची नोंद कॅलेंडरमध्ये घालावी, एकाच्या नाही तर दोघांच्या: एक यंत्रणा सांभाळणारा, एक पैसे मंजूर करणारा. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीच्या आठवणीच्या मेलवर विसंबू नका, लेट्स एन्क्रिप्टने तर जून २०२५ पासून ते पाठवणंच बंद केलं आहे. नोंदीत चार गोष्टी लिहा: सर्व्हर कोणता, नावं कोणती, डोमेनचं लॉगिन कोणाकडे, आणि पीएफएक्स कुठल्या दोन ठिकाणी आहे.